रस्त्यातली अक्षरं

सौ. सोजरास, स्कॉटलंडच्या समुद्राकाठून आशीर्वाद.

"आपली पोरगी बदलली का?" असं तू फोनवर विचारलंस. ज्योती शेजारीच होती, म्हणून लिहून कळवायलोय.

ती कॉलेजात गेली की मी नकाशा घेऊन एकटाच गाव बघत हिंडतो. थंडी हाय, पण कानटोपी हाय. म्हैस व्याली का?

इथं विद्यापीठाच्या दारापुढं रस्त्यातच दगडी अक्षरं बसवल्यात. त्यावर पाय पडला की नापास होतंय म्हणून पोरं वळसा घालून जातात. माझा नेमका पडला. पुस्तकाला पाय लागल्यावर करतो तसा वाकून नमस्कार केला. समदे बघायले.

ज्योतीची परीक्षा जवळ आलीय, म्हणून भीत भीतच तिला सांगितलं. ती हसली.

"अप्पा, पहिल्याच दिवशी माझाबी पडला होता. मीबी असाच नमस्कार केला."

न्हाई बदलली.

व्यंकट