पुस्तकाला बांधलेलं नवं

आये,

काल खळं सारवून झालं. पावसाने खरवडलेलं अंगण चोपून, शेणाचा हात फिरवत मागे मागे सरकत तुळशीपर्यंत पोचले आणि कंबर धरून उभी राहिले. तू असतीस तर एका नजरेत तीन खड्डे दाखवले असतेस. नाहीस, म्हणून ते तिन्ही खड्डे सुखाने नांदताहेत. वास मात्र तोच आहे, आणि ऊन चढल्यावर तळपायाला लागतो तो कोमटपणाही तोच.

आश्विन लागला की तुझ्या अंगात काय संचारायचं देव जाणे. चार महिने चुलीच्या धुरात कोंडलेली तू एकदम खळ्यात बसायला यायचीस. जुनी लुगडी पसरून चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवायचीस आणि वाकळ शिवायला घ्यायचीस. अर्धी वाकळ तुझ्या पायांवर, अर्धी मांजराखाली. मांजर उठलं की त्या बाजूचे टाके घालायचे, तोवर ह्या बाजूचे. मग दिवाळीचा कंदील. बांबूच्या कामट्या तासून, पिठाच्या खळीने पतंगी कागद चिकटवून तू जो कंदील करायचीस तो दरवर्षी डावीकडे कलायचा. मी तसं म्हटलं की तू म्हणायचीस, "कललो नाय गो, वाऱ्याक वाट दिलंय." एवढी घट्ट टीका-टिप्पणी मला पुढे कुठल्या शास्त्रग्रंथातही सापडली नाही.

पण तुझं खरं काम नव्याच्या पुनवेचं. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल आणि आंब्याचं पान यांची मूठभर जुडी, केळीच्या सोपाच्या दोऱ्याने आवळलेली. हे नवं तू नुसतं दाराला बांधून थांबायची नाहीस. कोयत्याला, जात्याला, विहिरीच्या रहाटाला, शिवणाच्या मशीनला, घरात जे जे राबतं त्याला एकेक. भात मात्र आपल्या कुणग्यातलंच, आपल्याच शेताच्या तुकड्यातलं हवं. एका वर्षी शेजारच्या काकीने तिच्या शेतातल्या चार लोंब्या दिल्या, तर तू त्या कोंबड्यांना घातल्यास. "दुसऱ्याच्या भातान आमचां घर कसां ओळखायचां?" असं काहीतरी तुझं तत्त्वज्ञान.

मी तेव्हा आठवीत. नुकतं संस्कृत सुरू झालेलं आणि डोक्यात हवा गेलेली. माझ्या पुस्तकालाही नवं हवं म्हणून मी हट्ट धरला. तू दोरा दातात धरून विचारलंस, "कोयतो कापता, जातां दळता, रहाट पाणी काडता. तुझां पुस्तक काय करता?"

"शिकयता."

"मगे आदी शीक. काय पिकलां तर बांदूया."

मी रागाने माझं मीच नवं बांधलं, नायलॉनच्या दोऱ्याने. तू ते उचलून उजेडात धरलंस. "ह्यां काय गो? मेलेल्या उंदराची शेपटी? सोड." सोडलं. तुझी गाठ तू तीनदा दाखवलीस, मला तीनदा आली नाही. पुढे मी शाळेत संस्कृत शिकवायला लागले, तीस वर्षं शिकवलं, पण दर पुनवेला तुझा हात माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी यायचा आणि पुढे जायचा. मी हसून घ्यायचे. हसू खरं नसायचं.

आता ते वर्ष. त्याबद्दल लिहायचं म्हणून बारा वर्षं पानं फाडतेय. आषाढात तू निसरड्या खळ्यात पडलीस आणि खुबा मोडला. इस्पितळ, मग घरी खाट, त्यात शाळा. लावणीचे दिवस आले आणि गेले. डोळ्यांनी तुला सावल्या तेवढ्या दिसायच्या. एका संध्याकाळी तू विचारलंस, "लावणी झाली?" मी तुझी पेज ढवळत होते. म्हटलं, "झाली."

एकदा झाली म्हटल्यावर भात वाढवणं आलंच. तू रोज विचारायचीस, मी रोज वाढवायचे. "भात खंयसर इलां?" "पोटरेक इलां, आये. आता लोंबी फुटात." आणि खाली कुणग्यात गुडघाभर गवत. मला शेतातलं कळत होतंच किती? मग मी जे येत होतं ते सांगायला लागले. शाळेत तेव्हा शरदाचं वर्णन शिकवत होते. तेच रात्रीच्या पेजेबरोबर तुला भरवायचे. पाणी निवळलं, आभाळ धुतल्यासारखं झालं, वारा आला की शेत एका अंगाने लवतं. तू डोळे मिटून ऐकायचीस. तुझा चेहरा असा निवायचा की मला थांबवेना. एका दिवशी भरात म्हणून गेले, "आणि बांधार हंस बसले हत."

तू डोळे उघडलेस. "हंस?"

"बगळे गो. बगळे म्हणतंय."

"मगे बगळे म्हण. हंस खंयसून येतले हय? तिकीट काढून?"

मी पेजेची वाटी घेऊन आत पळाले.

पुनव आली. मी कट्टा गावच्या बाजारातून भाताची जुडी आणली, तिचं रबर वाटेत काढून टाकलं आणि लोंब्या तुझ्या हातात ठेवल्या. "आपल्यातल्यो," म्हटलं. तू त्यांच्यावरून हात फिरवलास. परत एकदा फिरवलास, खालून वर, सावकाश. मग म्हणालीस, "बरां पिकलां हां." आणि खाटेवर बसून, न बघता, एकामागून एक नवी बांधलीस. शेवटचं माझ्या हातात दिलंस. "ह्यां तुझ्या पुस्तकाक बांद."

"आता सुचला तुका?"

"औंदा तेना काम केल्यान."

मी कपाटापाशी जाऊन, तुला ऐकू येऊ नये म्हणून तोंडात पदर धरून रडले. मला वाटलं, चाळीस वर्षांनी तू माझ्या विद्येला राबणाऱ्यांत बसवलंस. दिवाळीआधी तू गेलीस. कंदिलाच्या कामट्या तासलेल्या तशाच राहिल्या. ते नवं मी शब्दकोशाच्या बासनाला बांधलं. अजून आहे, उंदरांनीसुद्धा संस्कृताच्या वाटेला जायचं टाळलं.

यंदा जूनमध्ये काकी काठी टेकत आली. "तुझ्या आयेच्या भाताचां बियाणां माझ्याकडे आसा. दर वर्सा मूठभर पेरतंय, म्हणान जिवंत आसा. माझ्याच्यान आता जमणा नाय. तू घेतलंस तर रवात, नायतर गेला." मी घेतलं. एकच कुणगा, तोही अर्धा. लावणी मी केली. काकी शेताच्या मेरेवर बसून हसली. काल पहिल्या लोंब्या मुठीत धरल्या आणि हात झटकन मागे घेतला. आपल्या भाताला कुसळं, आये. तळहातभर टोचली. मी तशीच चिखलाच्या पायांनी घरात आले, शब्दकोशाचं नवं काढलं आणि त्याच्यावरून हात फिरवला, खालून वर, सावकाश. गुळगुळीत. एक कुसळ नाही.

म्हणजे तुला त्याच क्षणी कळलं होतं. त्या वर्षीचं पीक कुठे आलं, कुणी पेरलं, हंस कुठून आले, सगळं. आणि ज्या घरात काकीच्या लोंब्या कोंबड्यांना गेल्या, त्या घराच्या दाराला, जात्याला, रहाटाला तू बाजारचं भात बांधलंस. माझ्यासाठी. माझी थट्टा केलीस ती एवढी हळू की मला ती बारा वर्षं शाबासकी वाटली. आता ती थट्टा होती की शाबासकी, हे ठरवायला मी काल पुष्कळ बसले. दोन्ही असतील. तू एका टाक्यात दोन थर घ्यायचीस.

आज पुनव. हे पत्र शब्दकोशातच ठेवीन. सकाळपासून सहा नवी बांधली, आपल्या भाताची. दाराला लावली, रहाटाला लावली, तुझ्या मशीनला लावली. पुस्तकाला लावलं नाही, यंदा त्याने काही केलेलं नाही. एवढंच सांगायचं राहिलं की तुझी गाठ मला अजून येत नाही. सहाही नव्यांना रबर लावलंय. वरून आंब्याचं पान असं बसवलंय की कुणाला दिसत नाही. पण तू हात फिरवलास तर कळेल.