माझी विषुववृत्तीय त्रिज्या

३ जानेवारी
दादाला किडनी मीच देणार. सगळ्या तपासण्या जुळल्या. घोडं फक्त कमरेपाशी अडलंय. ११२ सेंटिमीटर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिन्यांत शंभरच्या आत या, मगच ऑपरेशन. दादाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. तो नुसता माझ्या पोटाकडे बघून हसला. उद्यापासून साखर बंद.

४ जानेवारी
तारांगणात सव्वीस वर्षं निवेदन करतोय आणि हे आज सुचलं! ग्रहांच्या तक्त्यात कुणी कमरेचा घेर देत नाही, विषुववृत्तीय त्रिज्या देतात. शास्त्रीय पद्धत तीच. ११२ भागिले ६.२८, त्रिज्या १७.८. गाठायचीय १५.९. म्हणजे सगळा मिळून दोन सेंटिमीटरांचा प्रश्न. हातचा मळ. एकदम हलकं वाटलं. चहाबरोबर चार बिस्किटं.

२० जानेवारी, सकाळी
१७.७. एक मिलिमीटर उतरली! चालणं सोमवारपासून. नवे बूट चावतात.

९ फेब्रुवारी
१८.०. टेप सैल धरला गेला बहुतेक. श्वास रोखून १७.६, तोच आकडा धरला.
शनी विषुववृत्तापाशी ध्रुवांपेक्षा जवळजवळ सहा हजार किलोमीटर जास्त सुटलाय, त्याला कोणी बोलत नाही. हिला हे सांगितलं. ही म्हणाली, तो गरगर फिरतो म्हणून सुटलाय, तुम्ही खुर्चीतून तरी उठता का? माझेच शो फुकटात बघून मलाच शिकवते.

२ मार्च
दादाकडे गेलो. पाय सुजलेत, बोलताना धाप लागते. वहिनींनी केक पुढे केला. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं असतं. दादाने विचारलं, कितपत आलं रे? म्हटलं, दोनच सेंटिमीटर राहिलेत. त्याचा चेहरा इतका उजळला की पुढचं सांगवेना. वहिनींना हाक मारून त्याने लगेच सांगितलं. त्यांनी दुसरा तुकडा वाढला.

१८ मार्च
१८.३. तारेसुद्धा म्हातारपणी फुगतात. आपला सूर्यही फुगणार आहे.
हिने आज विचारलं, तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटते का? छे! काहीतरीच. सख्खा भाऊ आहे माझा. दिवसभर हातपाय गार होते, हवा बदलली असेल.

३ एप्रिल
दादा बॅग भरूनच हॉस्पिटलात आला. वहिनींनी नवी चादर घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी टेप लावला आणि श्वास सोडायला सांगितला. मग आकडा मोठ्याने वाचला. मी त्रिज्या सांगायला तोंड उघडलं, पण दादा समोरच उभा होता. वहिनी चादरीची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होत्या.
दादा म्हणाला, असू दे, तू जिवाला लावून घेऊ नकोस. निघताना माझ्या बुटाची लेस सुटली. मला वाकता येईना. लहानपणी बांधायचा तशी त्यानेच बसून बांधली, सुजलेल्या बोटांनी. उठायला त्याला वहिनींचा हात लागला.
कंबर ११६.