सोनीची डावी बाजू

३१ ऑक्टो., शुक्र. सौंसर
पिकअपवाल्यानं ऐन वेळी नाही म्हटलं. मागच्या वेळी आमच्या घोडीनं, सोनीनं, त्याच्या गाडीची फळी फोडली होती, त्याला तरी काय बोलू. पांढुर्ण्याजवळच्या शेतावर घोड्यांना वळण लावायचा वर्ग, सोमवारपासून सहा दिवस. शिकवणारे ढोले सर, आधी पोलिसांच्या घोड्यांवर होते.
मे महिन्यात बोरगावच्या वरातीत सोनीच्या लाथेनं ह्यांचा पाय मोडला. तेव्हापासून ती कुणाला पाठीवर बसू देत नाही. लग्नं तोंडावर. हे म्हणाले, "आठ दिवस देतो तुले. नाही सुधरली तर व्यापाऱ्याले देऊन टाकतो."
तिची आई व्यायली तशीच गेली. बाटलीनं दूध मी पाजलं. या घरात मला विचारून झालेली एकच गोष्ट, सोनीचं नाव.
पायीच नेते.

१ नोव्हें., शनि.
मोहगाव मागं पडलं. संत्र्याचे ट्रक अंगावरून जातात. लोक विचारतात, "बाई, नवरदेव कुठी राहिला?" तिसऱ्याला सांगितलं, मागून येऊन राहिला.
मी डावीकडून चालते. ती मधूनच दचकते, खांद्यानं मला ढकलते. दोनदा पडले. कोपर सोललं. तिसऱ्या वेळी काठी मारली, मानेवर. ती थरथरत उभी राहिली, पळाली नाही. मला स्वतःची किळस आली.

२ नोव्हें., रवि.
वाटेत एका मावशीच्या अंगणात मुक्काम. तिथं तुळशीचं लग्न. मावशी सोनीला कुंकू लावायला गेली तर ही एकदम मागं. मावशी म्हणाली, "हिले कोनाचा धाक बसला वं?"
काय सांगू. माझ्याजवळच काठी होती.

३ नोव्हें., सोम.
पोचलो, दुपारी. वर्ग सकाळीच सुरू झालेला. पाच पुरुष आणि त्यांची धडधाकट जनावरं. एक हसला. सर म्हणाले, घोडीला आधी पाणी पाजा, नाव मग लिहू. पायाला फोड. जेवले नाही.

४ नोव्हें., मंगळ.
सर सोनीच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवून राहिले होते. पापणी हलली नाही. उजवीकडे हलवला, लगेच मिटली.
"बाई, हे कधीपासून?"
"काय?"
"डाव्या डोळ्यानं दिसत नाही हिले."
पाच वर्षं आम्ही तिला नटवलं. डोळ्यांवर मोत्यांची झालर, दोन्ही बाजूंनी धरायला माणसं. ती मान वाकडी करायची, लोक म्हणायचे नखरेल आहे, नाचते. ह्यांना कौतुक. मलाही. मान वाकडी करून ती बिचारी बघत होती. ह्यांना लाथ बसली तीही डावीकडूनच. आणि माझी काठी कुठं बसली होती ते
आज पुढं लिहवत नाही.

५ नोव्हें., बुध.
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. डावा गेला. उजव्याचं सांगता येत नाही म्हणाले. सरांनी शिकवलं: डावीकडून यायचं तर आधी बोलायचं, मग हात लावायचा, हात उचलायचा नाही. दिवसभर बडबडले. भाजीचे भाव, जाऊबाईचा स्वभाव, सगळं ऐकवलं. एवढं कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं.

६ नोव्हें., गुरु.
सर म्हणाले, "तुम्हीच बसा." मी जन्मात घोड्यावर बसले नाही. थंडीसाठी सोबत आणलेली माझ्या मुलीची सलवार घातली. बसले. वीस पावलं चालली. मग आणखी वीस. वरून पाहिलं तर तिचा उजवा कान माझ्याकडे वळलेला.
खूप रडले. त्या पाचांनी बघितलं तर बघितलं.

७ नोव्हें., शुक्र.
ह्यांना फोन केला. बसू देते म्हटल्यावर खूश. डोळ्याचंही सांगितलं. मग: "रविवारी व्यापाऱ्याले घेऊन तिथंच येतो. डोळ्याचं बोलू नको. झालर टाकून दाखवू."
म्हणजे आठ दिवस वगैरे काही नव्हतंच. बोलणं आधीच झालेलं.
वरातीत फटाके फुटतील, तिला कळणार नाही कुठून. कुणी डावीकडून धरेल, ती उडेल, मग मार.

८ नोव्हें., शनि.
वर्ग संपला. सरांना विचारलं, तुमच्याकडे ठेवता का. म्हणाले, शेत माझं नाही, बाई. मान खाली घालून म्हणाले. दुसरं कुणी सुचत नाही. माहेरी भाऊ दारात उभं करणार नाही.

९ नोव्हें., रवि. सकाळ
हे काठी टेकत आले, सोबत व्यापारी. त्यानं विचारलं, "काही खोड?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. डावा डोळा गेला, उजव्याचाही भरवसा नाही. वाटलं, आता हा परत जाईल, मग ह्यांचं काय ऐकायचं ते ऐकू.
तो म्हणाला, "असू द्या ना. वरातीत दोघं धरूनच असतात. दोन वर्ष तरी चालते."
ह्यांनी हात मिळवला. मला फक्त एवढंच म्हणाले, "दोर दे त्याले, चहा झाल्यावर."
ते ओसरीत बसलेत. मी लिंबाखाली, दोर मनगटाला. सोनी माझ्या उजवीकडे उभी, मी लिहिताना पुटपुटते ते ऐकते आहे. फाटक उघडं आहे. त्यापलीकडं दोन्हीकडे रस्ता, कुठलाही माझ्या ओळखीचा नाही. पाठीवर मला बसू देते, फक्त मला.
हे हाक मारून राहिले. चहाचे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.