लग्नाच्या तारखेवर फवारणी

बसवकल्याण
बुधवार, ता. १६ एप्रिल २०२५

ती. कमलाक्कास, शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा लागला न्हाई. तुमच्या भावानं खाटंखाली तणनाशकाचा कॅन आणून ठेवलाय आन् त्याच खाटंवर आमची दोन वर्सांची पिंकी झोपायलीय. शनिवारी दुपारी लॉनवर मारायचं, अक्काचा हुकूम हाय, म्हणायलेत. फोनवर मी तोंड उघडलं की तुम्ही कट करता, म्हणून दुबलगुंडीहून रोज दूध घेऊन येणाऱ्या भागम्माच्या हाती ही चिठ्ठी.

नेत्रावतीचं लग्न चार मेला ह्याच लॉनवर हाय. तुमचा भाऊ ह्या मंगल कार्यालयाचा माळी, भाचीसाठी गवत नीट पाहिजे, हे मला बी कळतंय. पण गेल्या चैतात असंच उन्हात मारलं तवा काय झालं ते इसरलात का? लॉनची हरळी जळाली, लव्हाळ्याचं तण तसंच उभं. ह्यांनी दोन दिवस वकाऱ्या काढल्या. पिंकी तवा रांगायची, तिच्या गुडघ्याला फोड आले. आमची खोली लॉनला चिकटून, खिडकीला झडप न्हाई.

मी सातवी नापास, पण औषधाच्या दुकानात जाऊन इचारून आले. दुकानदार म्हणला, तीस डिग्रीच्या वर मारूच नको. तापलेलं गवत आधीच कसाबसा जीव धरून असतंय, ते जळतंय, आन् औषध वाफ होऊन शेजारी जातंय. पाऊस पडल्यावर तण तीन-चार पानाचं कवळं असंल, सकाळी वारं नसंल, तवा मारायचं. हितं तर बेचाळीस चाललंय.

तवर मी रोज पहाटे खुरपं घेऊन लव्हाळ्याच्या गाठी काढते. मंडपापुरतं साफ करून देते, माझा शब्द. फक्त शनिवारी त्यांना थांबवा. तुमचं ते ऐकतेत, माझं न्हाई.

पिंकीवर माया हाय तुमची, ती तशीच ऱ्हाऊ द्या.

शिवकन्या


दुबलगुंडी
शुक्रवार, ता. १८ एप्रिल

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद. मनातून न्हाई, रीत हाय म्हणून.

तुझी चिठ्ठी नेत्रावतीनं वाचून दाखवली, हे बी तीच लिहायलीय. मला अक्षर वाचता येत न्हाई, पण माणूस वाचता येतंय. तुझ्या पोटात दुखायलंय ते गवतासाठी न्हाई. तुझं लग्न माहेरी मेहकरला पत्र्याखाली लागलं आन् माझ्या लेकीचं लॉनवर लागायलंय, ते तुला सलायलंय.

आमच्या रानात आम्ही भर दुपारीच फवारतो. ऊन जितकं कडक, औषध तितकं चढतंय. तीस वर्सं रान केलेल्या बाईला तू डिग्री शिकवायलीस व्हय? पावसानंतर मारायचं म्हणं. मग पावसानंतर लग्न लावू का? पाव्हणे म्हणतील, मामानं भाचीला जंगलात उभं केलं. आन् खुरप्याचं सांगूच नको. चार भाकरी थापायला तुला दुपार होती.

माझ्या भावाला, बालाजीला, सांगितलंय, हिचा मोबाईल काढून घे. मेहकरला तुझ्या भावाच्या कानात इख ओतायला तुला तेवढंच साधन. पोरीला खोलीत कोंडून ठेव. औषधाला काय पाय हायत का खिडकीतून यायला?

लग्नापस्तोर तोंड मिटून ऱ्हा, मग आमचा लोभ आपसूक वाढंल.

कमलबाई

(मामी, आई सांगती तेवढंच मी लिहायले. राग धरू नका. मला लॉन नकोच होतं. — ने.)


बसवकल्याण
गुरुवार, ता. २४ एप्रिल

ती. कमलाक्कास, शि. सा. न. वि. वि.

तुमचं औषध चढलं. शनिवारी दुपारी दोनला, एका पंपाला एक झाकण पुरतंय तिथं दोन घातली. वारं आमच्याच खोलीकडचं. मी खिडकीला ओली गोधडी लावून पोरीला कोपऱ्यात घेऊन बसले.

सोमवारी सगळं लॉन खारकेच्या रंगाचं झालं. त्यात लव्हाळा तेवढा हिरवा. शेजारच्या सिद्धलिंगप्पाच्या वांग्याची पानं मुठीवानी आवळली. त्यांनी अख्खं झाड उपटून आमच्या दारात टाकलं आन् इचारलं, कुणी मारलं. तुमचे भाऊ म्हणले, बायकोनं, लग्न नासवायला मुद्दाम. हे त्यांना कुणी शिकवलं ते मी इचारत न्हाई. सिद्धलिंगप्पा माझ्यापुढं थुंकून गेले.

ह्यांचे हात थरथरायलेत, भाकरीचा तुकडा तोंडापस्तोर जात न्हाई. तरी म्हणायलेत, लव्हाळा उरला म्हणजे औषध कमी पडलं, अक्कानं सांगितलंय, उद्या दुपारी तीन झाकणं घालायची. मी सिद्धलिंगप्पाला खरं सांगीन म्हणून मला आन् पिंकीला आत ठेवून खोलीला भायेरून कडी लावणार हायत. पिंकी शनिवारपसून खोकायलीय, उजेडाकडं डोळे उघडत न्हाई. दवाखान्यात नेऊ म्हणलं तर म्हणले, लग्न होऊ दे.

नेत्रावती, हितून पुढं मोठ्यानं वाचू नको बाई. आईला सांग, मामीनं माफी मागितलीय, लोभ असू द्या म्हणलीय, आन् कागद संपला. तू कंसात लिहिलंस ते मी दहादा वाचलं. तुझ्या लग्नावर माझा राग न्हाई. भागम्माला काय सांगावं तर ती आधी तुझ्या आईला सांगती, म्हणून तुलाच लिहायले.

माझा मोबाईल तुझ्या मामानं काढून घेतलाय, म्हणून तूच मेहकरच्या माझ्या भावाला, अंबाजीला, फोन कर. नंबर पाकिटाच्या आतल्या अंगाला लिहिलाय. त्याला येवढंच सांग, उद्या बाराच्या आत गाडी घेऊन ये, कडी भायेरून हाय. औषध दोनला मारतेत.