एस्तेर नागपूरले निघाली तेव्हा

रूथच्या बाबा,

तुमची ड्युटी सुटेपर्यंत थांबता आलं नाई. नागपूरच्या दवाखान्यातून निरोप आला, खाट रिकामी झाली, उद्याच ऑपरेशन आहे. मी सॅम्युएलभाऊसंग दुपारच्या गाडीनं जाऊन राह्यली. रूथ शेजारी गिरजाबाईकडे आहे. वरण झाकून ठेवलं, भात तेवढा लावून घ्या.

गाठ मोठी आहे, वाचण्याची खात्री नाई, हे डॉक्टरनं तुमाले सांगितलं होतं. तुम्ही माह्यापासून लपवलं. मले भाऊकडून समजलं. राग नाई.

आज चुलीपुढं गुडघे टेकले. आधी नुसती रडली. मग म्हटलं, "प्रभू, मले जगायचं आहे, रूथ लहान आहे. पण जगली काय, मेली काय, मी तुह्याच हातात आहे." उठली अन् पिशवी भरली. खरं सांगतो, आता भेव नाई.

आपला पोरगा शांतवन तापानं गेला तेव्हापासून तुम्ही प्रार्थना सोडली. मी कधी काई बोलली नाई, आज बोलतो. सकाळच्या गाडीनं या. गाडीत बसल्या बसल्या देवाशी भांडायचं असन तं खुशाल भांडा, पण त्याच्याशी बोला.

तुमची एस्तेर