अख्ख्या मिरचीतली पुरचुंडी

कोलार रोड, भोपाळ
मंगळवार

आदरणीय सदाशिवदादा यांस,

दत्तात्रयाचा नमस्कार पोचावा. इकडे मी आणि प्रमिला खुशाल आहोत. माल खुशाल नाही, पण त्याच्याकडे सावकाश येतो. आपला गुडघा कसा आहे? काल संध्याकाळपासून अकरा वेळा फोन केला, आपण उचलला नाहीत, तेव्हा दुखणं गुडघ्यातून सरकत कानापर्यंत गेलं की काय, अशी शंका येते. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो अमृता सूनबाईंच्या मोबाइलवर पाठवतो आहे. त्या मोठ्याने वाचून दाखवतील. सगळ्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नाही.

आपल्या बहिणीशी लग्न झालं तेव्हा मी इथल्या आनंद नगरात सायकलवरून तिखटाच्या पुड्या विकत होतो आणि आपण मांडवात कुणाला तरी "मुलगा मसाल्याच्या व्यापारात आहे" असं सांगत होतात, ते मी अंतरपाटामागून ऐकलं होतं. (माझे कान पहिल्यापासून तिखट.) तीस वर्षांनी का होईना, आपलं वाक्य मी खरं केलं. मलेशियातल्या एका व्यापाऱ्याने पाचशे पोती अख्खी वाळलेली लाल मिरची मागवली. माझ्या नावावरची पहिली परदेशी ऑर्डर. माल शुक्रवारी इथल्या कंटेनर डेपोतून सुटला नाही तर जहाज चुकेल, आणि जहाज चुकलं तर तो दुसऱ्याकडून घेईल; तसं त्याने फार गोड इंग्रजीत कळवलं आहे.

मिरची बेडियाच्या मंडीतून मी स्वतः ऐकून घेतली. (कानाशी धरून हलवायची, आत बी खुळखुळलं की वाळली समजायची. बघून घेणारे फसतात.) आता कस्टमच्या पुस्तकात जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो. अख्ख्या मिरचीचा वेगळा, कुटलेल्या मिरचीचा वेगळा. आमचा क्लिअरिंग एजंट विक्रांत, म्हणजे डेपोतली कागदपत्रं करणारा, पहिल्याच दिवशी म्हणाला, "अंकल, नंबर इधर का उधर हुआ तो आपकी मिर्ची मिर्ची नहीं रहेगी." म्हणून गोदामात आठ बायका बसवून तुटकी मिरची वेचून काढली. एवढी निगा मी लेकीच्या, अपर्णाच्या लग्नातही राखली नव्हती.

काल डेपोत तपासणी झाली. अधिकारी मधुरा मॅडम, वयाने आमच्या अपर्णाएवढ्या. पाचशेतली कुठलीही पाच पोती उघडायला सांगितली. चार निर्मळ निघाली. पाचव्यातून निघाली पुरचुंडी. प्रमिलाच्या जुन्या साडीचा तुकडा, आत सात मिरच्या, मूठभर मोहरी आणि खडेमीठ. विक्रांत दोन पावलं मागे सरला. "अंकल, ये कौन सा माल है?" मॅडमनी मात्र गाठ सोडली, निरखून पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "काका, ही दृष्ट काढलीये ना?" (त्या ग्वाल्हेरच्या गोखल्यांकडच्या निघाल्या. आपली माणसं नको तिथे भेटतात.)

"असावी," मी म्हणालो.

"दृष्टीला नंबर नाही हो पुस्तकात."

मग त्यांनी समजावलं. मिरची मसाल्यांच्या प्रकरणात, मोहरी तेलबियांच्या, आणि मीठ दगड-चुना-सिमेंटच्या. म्हणजे प्रमिलाने अर्ध्या वाटीच्या ऐवजात सरकारची तीन प्रकरणं बांधली होती, आणि आमच्या कागदावर एकच. मुलगी भली. म्हणाली, पुरचुंड्या किती आणि कुठल्या पोत्यांत, हे गुरुवारी बारापर्यंत लेखी द्या, तेवढ्याच काढून घेऊ; नाहीतर पाचशेही पोती ओतावी लागतील. आणि वाळली मिरची ओतून पुन्हा भरली की निम्मी मोडणार. मग ती अख्खी कसली!

घरी येऊन प्रमिलाला शांतपणे विचारलं. ती माझ्याहून शांत.

"गोदामात आग लावू नये अशी पाटी कुणी लावली?"

"मी."

"मग उतरवलेलं जाळायचं कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"बरं, पुरचुंड्या किती?"

"शुभकार्यात मी मोजत नाही. ज्यांनी सांगितलं त्यांना विचारा."

कोणी सांगितलं, ते काही सांगेना. असो. माझा कुणावर राग नाही. गुडघ्याला जपा.

आपला,
दत्तात्रय

ता. क. काल संध्याकाळी प्रमिला स्वयंपाकघरातून फोनवर हळूच म्हणत होती, "दादा, तू म्हणालास तसंच केलं रे, दर शंभर पोत्यांमागे..." आणि कुकरची शिट्टी झाली. शिट्टीखाली जे गेलं ते, पोत्यांच्या नंबरांसकट, सही करून आजच पाठवावं. "मालातच ठेव, तिकडचे लोक बघून घेतील" हा सल्लाही आपलाच, हे मला शिट्टीच्या आधी कळलं होतं.

ता. क. दुसरा. सापडलेली पुरचुंडी मॅडमनी सील करून कपाटात ठेवली आहे. दृष्ट काढून जाळलीच नाही तर ती उलटते का, आणि उलटली तर काढणाऱ्यावर की मालाच्या मालकावर, तेवढं वहिनींना विचारून कळवा. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. प्रमिला विचारते आहे. (प्रमिला भाजी आणायला गेली आहे. ती यायच्या आत कळवा.)