कुलूप निवृत्तीला, बोअर गावाला

मी, भागवत किसन रिंढे, वय बहात्तर, सेवानिवृत्त नायब सुभेदार, राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा निवृत्ती आठवडाभर बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सांगत फिरतो आहे की म्हाताऱ्याचे डोके फिरले. डोके फिरलेले नाही, तापलेले आहे. हा फरक उद्या वाद निघाल्यास कोर्टाने लक्षात घ्यावा.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. फौजेत सव्वीस वर्षे दडपण सोसून झाले आहे, आता नवे घेत नाही.

कलम १. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्या वेळी मी सगळे निवृत्तीच्या नावे लिहून मोकळा झालो होतो, ही माझी चूक होती.

कलम २. राहते घर माझी पत्नी कोकिळा हिचे राहील, ती असेपर्यंत. तिच्यानंतर निवृत्ती आणि मुलगी सुवर्णा यांना निम्मे निम्मे. सुवर्णाला "तू दिल्या घरची" असे ऐकवून सही मागायला कोणी जाऊ नये. तिचा निम्मा हिस्सा म्हणजे निम्मा हिस्सा.

कलम ३. गट नंबर २१४ मधली चार एकर जमीन निवृत्तीला. इथे मी राग मध्ये आणलेला नाही. तो जमीन मेहनतीने करतो, हे बापाने कबूल केलेच पाहिजे. यातून बांधाकडचे दोन गुंठे मात्र वगळावे.

कलम ४. हे दोन गुंठे, त्यावरचा बोअर, सौरपंप, टाकी आणि रस्त्याकडेचा नळ मी गावच्या ग्रामपंचायतीला देतो. ही जमीन माझ्या नोकरीच्या कमाईतली, स्वकष्टार्जित आहे. पंचायत सध्या निवृत्तीच्या विरोधी पॅनेलच्या हातात आहे हे मला ठाऊक आहे. तरी देतो. अटी दोनच: नळाला कधीही कुलूप लागणार नाही, आणि नळावर कोणाच्याही नावाची पाटी लागणार नाही, माझ्याही नाही.

कारण लिहितो. नळासमोर मन्सुरी वस्ती आहे, अकरा घरे. गाद्या भरणारी, रजया शिवणारी माणसे. त्यांना दुसरे पाणी म्हणजे दीड किलोमीटरवरची नाल्याकाठची विहीर. बोअरला पाणी लागले त्या दिवशी मी हैदर मन्सुरीला चार लोकांत म्हटले होते, "जोवर याले पाणी हाय, तोवर ते तुमचं बी हाय." आमच्या घरातली एकूण एक गादी हैदरने भरलेली. तो हसला होता आणि घरी जाऊन त्याने सगळ्या वस्तीला सांगितले होते.

गेल्या पंचायत निवडणुकीत निवृत्ती एकोणीस मतांनी पडला. ही एकोणीस मते मन्सुरी वस्तीचीच, असे त्याने ठरवून टाकले. मागच्या महिन्यात एका रविवारी त्याने नळाला कुलूप ठोकले. त्याच संध्याकाळी माझी नात काजल चिखलीच्या कॉलेजातून वक्तृत्वाचे पहिले बक्षीस घेऊन आली. विषय होता, बलाढ्य राष्ट्राने जगातला आपला मान कसा टिकवावा. तिने ओसरीत उभे राहून भाषण म्हणून दाखवले. क्षेपणास्त्रे, उपग्रह, अर्थव्यवस्था, सगळे ओळीने आले. निवृत्तीने टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. किल्ली त्याच्या खिशात होती.

मी विचारले, "काऊन रे, नळाले कुलूप काऊन लावलं?"

"आबा, लोकायले आपल्या ताकदीची जाणीव पाह्यजे," तो म्हणाला. "मत दुसऱ्याले अन् पाणी आपलं, असं चालत न्हाई. मोठाले देश पाहा ना. कोणी आडवं गेलं का नळ बंद! म्हणून तं जग त्यायले सलाम ठोकून राह्यलं."

माझे पेढ्यावरचे लक्षच उडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोखंड कापायची करवत घेऊन गेलो आणि कुलूप कापले. आज मी आहे म्हणून नळ उघडा आहे. उद्या मी नसेन, म्हणून हे लिहिणे.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात देशाबिशाचे राजकारण नको. साहेब, राजकारण माझ्या नळावर आले आहे, मी त्याच्या घरी गेलो नव्हतो. पुढचे कलम ज्यांना नको असेल त्यांनी ते सोडून वाटणी वाचावी.

कलम ५. माझे शांतिसेनेतले पदक आणि निळी टोपी काजलला. सोबत ही हकिकत, पुढच्या भाषणासाठी.

मी हवालदार असताना आमची तुकडी परक्या मुलखात शांतिसेनेत गेली होती. देशाचे नाव लिहीत नाही, त्या लोकांनी पुष्कळ भोगले आहे. मी पाण्याचा टँकर चालवत असे. शहराच्या एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला एका फार बलाढ्य देशाचा तळ. त्यांच्याकडे पाणी शुद्ध करणारे भले मोठे यंत्र होते. एका तासात आमच्या आठवड्याचे पाणी. लोक त्यांना दुवा देत. मग एकदा तिथल्या म्हाताऱ्या पंचांनी त्यांच्या कुठल्याशा नाक्याला संमती दिली नाही. यंत्र नऊ दिवस बंद. दहाव्या दिवशी सुरू केले, वर नवी मोठी पाटी लावली, तिच्यावर आपला झेंडा रंगवला. लोक आले, मुकाट्याने पाणी भरून गेले. तळवाल्यांना वाटले, बघा, आले ना शेवटी!

आमच्या टँकरवरही एकदा दगड आला. पुढची काच फुटली, माझ्या कपाळाला चार टाके पडले. मी म्हटले, उद्या जाणार नाही. आमचे मेजर म्हणाले, "टँकर रोज सातला जातो, उद्याही सातलाच जाईल. दगड मारणाऱ्याच्या घरीही लेकरे आहेत." मी मनात त्यांना शिव्या दिल्या आणि गेलो. त्या सकाळी एक म्हातारा न विचारता माझ्या शेजारी चढून बसला. पुढच्या वळणाला त्याने माझा हात धरला आणि मान हलवली. मी दुसऱ्या रस्त्याने गेलो. दुपारी त्या वळणावर बलाढ्य देशाची गाडी सुरुंगावर गेली. सकाळी त्यांनीही पुढचा रस्ता ठीक आहे का, अशी चौकशी केली होती. सगळ्या लोकांनी आभाळाकडे बघितले होते.

काजल, बाळ, ताकद मोकाट सांडाकडेही असते. गाव त्याला वाट देते, मान देत नाही. तुमचे वाईट होऊ घातले असता समोरचा आपणहून तुमचा हात धरतो, त्याला मान म्हणतात. तो क्षेपणास्त्राने मिळत नाही. दिलेला शब्द अडचणीच्या दिवशीही पाळला तर मिळतो, आणि आपल्याला नको तसे बोलणाऱ्याला दिलेलाही पाळावा लागतो. टपरीवर बसून "आपण जगाचे गुरू" म्हणणाऱ्यांनी आधी आपापल्या नळाकडे बघावे. माझा देश मोठा व्हावा असे मलाही वाटते. मी त्यासाठी रक्त सांडले आहे, यांनी फक्त चहा सांडला आहे.

कलम ६. एवढे तोंड वर करून लिहिल्यावर हेही लिहिले पाहिजे. नळाला पहिले कुलूप निवृत्तीने लावलेले नाही. ते मी लावले होते.

नऊ वर्षांपूर्वी हैदरच्या मुलीचे, समीनाचे लग्न होते. मला मांडवात पहिल्या रांगेत बसवले नाही. पहिल्या रांगेत कोणी व्यापारी बसला होता. माझे पाणी पिणारी माणसे, आणि मला तिसरी रांग! घरी येऊन मी कुलूप लावले. कोकिळा म्हणाली, "पाण्याले कुलूप? हाताले काही वाटलं न्हाई तुमच्या?" मी तिच्यावरच ओरडलो. जे परमुलखात डोळ्यांनी पाहिले होते ते मला आठवले नाही. निवृत्ती तेव्हा शेजारी उभा होता. तो हे कुठे शिकला, हे लोक मला विचारतात. आता विचारू नये.

तीन दिवस हैदरची बायको चांदबी डोक्यावर हंडे घेऊन नाल्यावर जात होती. चौथ्या दिवशी मी कुलूप काढले. आठवडाभर नळावर कोणी फिरकले नाही. मग हैदर आला, त्याने हंडा भरला आणि म्हणाला, "पाणी गोडच हाय, सुभेदारसाहेब. पर आता भरतानी इचारावं लागते, असं वाटते." त्याआधी तो मला भागवतभाऊ म्हणत असे. मरेपर्यंत त्याने पुन्हा भागवतभाऊ म्हटले नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मी त्याची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असे करीत राहिलो. याची मला शरम वाटते.

कलम ७. कापलेले कुलूप निवृत्तीला. जोडून वापरता येणार नाही, लोहाराला विचारून घेतले आहे. त्याने ते देव्हाऱ्याजवळ ठेवावे. माझ्या तेराव्याला माझ्या देशसेवेवर भाषण करू नये.

कलम ८. माझी दुभती म्हैस चांदबी हैदर मन्सुरी हिला, झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून. (हे कलम खोडले आहे. भा. कि. रिंढे.)

खोडण्याचे कारण: आज सकाळी सह्या होण्याआधी मी चांदबीला बोलावून सगळे वाचून दाखवले. कलम आठ ऐकल्यावर तिने वकिलांना विचारले, "साक्षीदाराले मृत्युपत्रातलं काही भेटत न्हाई म्हणतेत, खरं हाय का?"

वकील म्हणाले, "खरे आहे. सही केली की तुमची म्हैस गेली."

"मंग मले साक्षीदार करा."

मी म्हटले, "चांदबी, म्हैस चांगली हाय. घे."

"म्हैस घेतली का फिटलं सगळं, असं व्हईन," ती म्हणाली. "मले फेडून न्हाई घ्यायचं. कुलूप तुम्ही लावलं होतं, हे तुमच्या हातानं लिवलं. त्याच्याखाली मले माही सही पाह्यजे."

मी तिच्यासमोर कलम आठ खोडले. म्हैस सुवर्णाला द्यावी.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारी सुवर्णाची. वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि ते माझेच आहे.

ठिकाण: अमडापूर. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५.

लिहून ठेवणार: (सही) भागवत किसन रिंढे

साक्षीदार १: (सही) महादेवराव आत्माराम ठेंग, निवृत्त मुख्याध्यापक, अमडापूर

साक्षीदार २: (सही) चांदबी हैदर मन्सुरी, अमडापूर. सहीच्या वर तिच्या हातचे: कलम सहा खरं हाय. भागवतभाऊनं माह्यासमोर वाचलं.